एंगची आल्मवस्ती: कार्वेंडेल निसर्ग उद्यानात जाताना

म्युनिक आणि आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले, की सहलींची यादी बहुधा ठरलेली असते: नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, साल्झबुर्ग शहर आणि रोपवेने गाठायचे त्सुगश्पित्झे शिखर. या यादीत कार्वेंडेल निसर्ग उद्यानातील एंग या ठिकाणालाही जागा असावी, असे माझे मत आहे. कार्वेंडेल हे सातशे चौरस किलोमीटरहून मोठे उद्यान ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात आहे आणि त्या देशातील निसर्ग उद्यानांमध्ये ते आकाराने सर्वांत मोठे आहे. येथील पर्वतराजीला १९२८ पासून संरक्षण आहे. सर्वोच्च शिखर बिर्ककारश्पित्झे २,७४९ मीटर उंच आहे, आणि म्युनिक शहरातून वाहणारी इझार नदी याच डोंगरांत उगम पावते. तरीही एंगला केवळ शिखरे पाहण्यासाठी जाऊ नये, कारण शिखरे आल्प्समध्ये कुठेही दिसतात. येथे पाहायची आहे ती डोंगरी शेती, जी अजून रोज पहाटे उठून केली जाते. म्हणून सहलीचे वेळापत्रकही गायींच्या आणि चीजच्या वेळापत्रकाप्रमाणे आखावे. खालील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती आहेत.

निघण्यापूर्वी समजून घेण्याची गोष्ट

आल्म म्हणजे डोंगरावरचे उन्हाळी कुरण, त्यावरचा गोठा आणि गुराख्यांच्या राहण्याची लाकडी घरे, हे सगळे मिळून होणारी एक शेती. खोऱ्यातील शेतकऱ्याकडे सपाट जमीन थोडी असते आणि हिवाळा मात्र लांबलचक असतो. खालच्या गवतावर उन्हाळ्यातच गुरे चारली, तर बर्फ पडल्यावर गोठ्यात बांधलेल्या जनावरांना घालायला वैरण उरत नाही. त्यामुळे जूनच्या सुरुवातीला गुरे वर जातात, खालच्या शेतात तेवढ्या काळात गवत वाढवून, कापून, वाळवून साठवले जाते, आणि साधारण शंभर दिवसांनी गुरे परत येतात. दुभत्या गायी गोठ्याजवळच्या कुरणात राहतात, तर कालवडी आणि भाकड गायी अधिक उंचावर सोडल्या जातात. उन्हाळा चढेल तसे गवत वरवर उगवत जाते, त्यामुळे अनेक आल्मना खालचा आणि वरचा असे दोन टप्पे असतात. आपल्याकडे पठारावरचे धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, त्यामागेही चाऱ्याचेच गणित असते. फरक इतकाच, की येथे मुक्काम फिरता नसून पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या एकाच कुरणावर असतो. जनावरांच्या या हंगामी स्थलांतराला युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा ऑस्ट्रिया, इटली आणि ग्रीस या तीन देशांनी मिळून अर्ज केला होता.

एंगच्या खोऱ्यात शिरताच जे दृश्य दिसते, तेही याच शेतीने घडवलेले आहे. हिरव्या गालिच्यासारख्या सपाटीवर दोन हजारांहून अधिक मेपल वृक्ष सुटेसुटे उभे आहेत, आणि त्यांतील काहींचे वय पाच-सहाशे वर्षे असल्याचे मानले जाते. या सपाटीला ग्रोसर आहोर्नबोडेन म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते की हे अस्पर्श रान असावे. प्रत्यक्षात झाडांमधली ती मोकळी जागा गुरांच्या चराईमुळेच मोकळी राहिली आहे. चराई थांबली, तर काही दशकांतच तिथे स्प्रूस आणि खुज्या पाइनची दाटी होते. उलट बाजूने पाहिले, तर गुरे मेपलची कोवळी रोपेही खातात, म्हणून नवी झाडे लावताना प्रत्येकाभोवती लाकडी कुंपण घालावे लागते. चालताना अशा चौकटीत उभी असलेली लहान झाडे दिसतील. म्हाताऱ्या मेपलच्या खोडापाशी थांबून पाहावे: खोड शेवाळाने आणि दगडफुलाने मढलेले असते, आणि अनेक झाडांचा बुंधा ओढ्याने वाहून आणलेल्या चुनखडीच्या खडीत खोलवर गाडला गेलेला असतो.

केव्हा जावे

येथे एक निवड करावी लागते. मेपलची पाने ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सोनेरी होतात आणि त्या दिवसांत छायाचित्रकारांची रीघ लागते. परंतु तोवर गुरे खाली गेलेली असतात, गोठे रिकामे असतात आणि शेतीतले पाहण्यासारखे फार काही उरत नाही. ज्यांना कामाची आल्म पाहायची आहे, त्यांनी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. फुलांसाठी जूनचा शेवट आणि जुलैचा आरंभ उत्तम, तर स्थिर हवेसाठी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. मला स्वतःला सप्टेंबर अधिक पसंत आहे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वादळी पाऊस आणि विजांचा धोका वारंवार असतो, शिवाय शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दीही होते. कोणत्याही महिन्यात शनिवार-रविवार टाळता आला, तर तो अवश्य टाळावा.

गुरे सजवून खाली आणण्याचा सोहळा सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला होतो. गायींच्या डोक्यावर फुलापानांचे मुकुट आणि गळ्यात मोठ्या घंटा असतात. मात्र त्या उन्हाळ्यात एखादे जनावर दगावले किंवा मोठा अपघात झाला असेल, तर प्रथेप्रमाणे गायी न सजवताच खाली आणल्या जातात. सोहळा देखणा आहे यात शंका नाही, परंतु पहिल्या भेटीसाठी मी तो सुचवणार नाही: त्या दिवशी माणसे गायींपेक्षा जास्त असतात आणि शेतकऱ्यांना कोणाशी दोन शब्द बोलण्याची उसंत नसते.

कसे पोहोचावे

एंग ऑस्ट्रियात आहे, पण तेथे गाडीने जाण्याचा रस्ता केवळ जर्मनीतून आहे. दक्षिणेकडच्या इन नदीच्या खोऱ्यातून यायचे, तर डोंगर पायी ओलांडावा लागतो. म्युनिकच्या मुख्य स्थानकातून लेंगग्रीसला जाणारी प्रादेशिक रेल्वे सुमारे सव्वा तासात पोहोचते. या रेल्वेची एक खोड लक्षात ठेवावी. ती वाटेत होल्त्सकिर्शेन आणि शाफ्टलाख या स्थानकांवर तुटते आणि तिचे भाग वेगवेगळ्या गावांना जातात. त्यामुळे चढताना डब्यावरील पाटीवर लेंगग्रीस हेच नाव आहे ना, याची खात्री करून घ्यावी. अन्यथा डोंगराऐवजी टेगर्नसेच्या सरोवरकाठी उतरण्याची वेळ येते.

लेंगग्रीस स्थानकाबाहेरून उन्हाळी हंगामात एंगपर्यंत बस जाते. दिवसातून तिच्या मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून आधी परतीच्या बसची वेळ पाहावी आणि मग सकाळची रेल्वे ठरवावी. बस झिल्व्हनश्टाइन जलाशयाच्या काठाने जाते. या पाण्याखाली फाल नावाचे जुने गाव आहे. १९५० च्या दशकात धरण बांधताना ते बुडाले आणि काठावर त्याच नावाचे नवे गाव वसवण्यात आले. पुढे फोर्डररिस, सीमा आणि हिंटररिस. उद्यानाच्या हद्दीत बारमाही मानवी वस्ती असलेले गाव हे एवढेच. येथे उद्यानाचे माहिती केंद्र आहे. स्वतःची गाडी असेल, तर अर्धा तास थांबून ते पाहावे आणि वाटांची ताजी स्थिती विचारून घ्यावी. हिंटररिसपासून एंगपर्यंतच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना टोल भरावा लागतो आणि हिवाळ्यात हा रस्ता बंद असतो. महामार्ग लागत नसल्यामुळे ऑस्ट्रियाचा महामार्गाचा स्टिकर मात्र या वाटेवर घ्यावा लागत नाही.

भारतातून आलेल्या पाहुण्यांनी पासपोर्ट आणि येथे राहणाऱ्यांनी निवास परवाना मूळ स्वरूपात जवळ ठेवावा. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकदाच प्रवेशाची परवानगी असलेला व्हिसा असला तरी अडचण नाही, पण जर्मनीत परतताना तपासणी होऊ शकते. भ्रमणध्वनीचे जाळे खोऱ्यात भरवशाचे नाही, म्हणून नकाशा आणि बसचे वेळापत्रक आधीच उतरवून घ्यावे.

आल्मवस्तीत काय पाहावे

बसच्या शेवटच्या थांब्यापासून आल्मवस्ती पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. वाट रुंद आणि जवळजवळ सपाट आहे. गुडघे दुखणारे आईवडील आणि बाबागाडीतले मूल, दोघांनाही ती झेपते, आणि एवढे चालूनसुद्धा सहल सार्थकी लागते. सुमारे १,२०० मीटर उंचीवर काळपट पडलेल्या लाकडी घरांची ही वस्ती अनेक शेतकरी कुटुंबे मिळून चालवतात. घरांच्या छपरांवर लाकडी फळ्या, मागे गोठे, आणि एका बाजूला चीज बनवण्याची जागा असते.

शक्यतो सकाळी पोहोचावे, कारण चीज सकाळीच होते. पहाटे धारा काढल्या जातात आणि आदल्या संध्याकाळच्या दुधात सकाळचे ताजे दूध मिसळले जाते. तांब्याच्या मोठ्या कढईत दूध साधारण ३२ अंशांपर्यंत कोमट करून त्यात विरजण आणि दूध घट्ट करणारे रेनेट घालतात. अर्ध्या-पाऊण तासात घट्ट झालेले दूध तारा ओढलेल्या चौकटीने कापून गव्हाच्या दाण्याएवढे करतात, मग ढवळत ढवळत पुन्हा पन्नास अंशांच्या आसपास तापवतात, जेणेकरून दाण्यांतले पाणी निघून जाईल. ते दाणे साच्यात दाबले, की चीजचे गोल चाक तयार होते. ते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि नंतर तळघरात फळीवर ठेवून महिनोन्‌महिने पुसत आणि उलटत राहतात. एक किलो कठीण चीजला साधारण दहा लिटर दूध लागते. समोर मांडलेल्या चाकाच्या किमतीत हे दूध आणि तळघरातले हे महिने धरलेले असतात.

गायी काय खातात याचाही चीजशी थेट संबंध आहे. मुरवलेला चारा, म्हणजे सायलेज, खाणाऱ्या गायींच्या दुधात काही जिवाणूंचे बीजाणू येतात, आणि कच्च्या दुधाचे चीज मुरत असताना ते वायू निर्माण करून चाकाला आतून फोडतात. म्हणून अशा चीजसाठी ताजे गवत आणि वाळलेले गवत एवढ्यावरच भर असतो. वाळल्या गवतावरच्या गायींच्या दुधाला युरोपीय संघाने २०१६ पासून पारंपरिक उत्पादन म्हणून स्वतंत्र संरक्षणही दिले आहे.

विक्रीच्या खिडकीवर गर्दी नसताना चव मागितली, तर बहुधा मिळते. तीन महिने मुरलेले आणि वर्षभर मुरलेले चीज शेजारी शेजारी चाखावे. पहिल्यात लोण्याचा गोडवा असतो आणि दुसऱ्यात दाताखाली बारीक खडे लागतात, जे मिठाचे नसून प्रथिनांच्या विघटनातून तयार झालेले असतात. चीज विकत घेतल्यावर ते प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नये, कागदातच ठेवावे.

शाकाहारी व्यक्तींसाठी

हा भाग जरा तपशीलवार सांगणे आवश्यक आहे, कारण येथे शाकाहारी आणि आपल्या अर्थाने शाकाहारी यांत अंतर पडते. डोंगरी कठीण चीजमध्ये वापरले जाणारे रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून काढलेले असते. हे ज्यांना चालत नाही, त्यांनी ग्राउकेझे हे चीज मागावे. लोणी काढून घेतल्यावर उरलेल्या दुधाला आपोआप आंबट होऊ देऊन, रेनेट न घालता ते करतात. त्यात स्निग्धांश फार थोडा असतो, वास उग्र असतो, आणि ते कांदा, व्हिनेगर व तेल घालून खातात. सगळ्यांनाच ते आवडेल असे नाही. ताक मात्र निर्धास्त घ्यावे. मीठ-जिरे नसले तरी चव ओळखीची लागते.

चीजचे दाबलेले वडे सूपमध्ये घालून देतात, परंतु ते सूप बहुतेक वेळा गोमांसाचे असते. तेच वडे कोबीच्या सॅलडबरोबर द्या, असे सांगितल्यास देतात, पण सॅलडवरही खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. म्हणून मागवताना ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’, म्हणजे मांस नको आणि ते खारवलेले तुकडेही नकोत, असे दोन्ही सांगावे. काइझरश्मारन हा तुकडे केलेला गोड जाड घावन पोटभर होतो, मात्र त्यात अंडी असतात. रोख पैसे जवळ असावेत. सर्वत्र कार्ड चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

गायींजवळ वागताना

गाय दिसली की पुढे होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि हातातले काही खायला द्यायचे, ही आपल्या अंगवळणी पडलेली सवय येथे पूर्णपणे बाजूला ठेवावी. आल्मवरील गाय महिनोन्‌महिने मोकळी असते आणि अनोळखी माणसाच्या स्पर्शाला सरावलेली नसते. विशेषतः वासरे बरोबर असलेल्या गायींपासून खूप अंतर ठेवावे. २०१४ मध्ये टिरोलमधीलच पिनिस खोऱ्यात कुत्रा घेऊन चाललेल्या एका जर्मन पर्यटक महिलेचा गायींच्या हल्ल्यात मृत्यू झाला. २०१९ मध्ये न्यायालयाने शेतकऱ्याला मोठी भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा संपूर्ण ऑस्ट्रियात खळबळ उडाली आणि अनेक आल्मवाल्यांनी पायवाटा बंद करण्याची भाषा सुरू केली. वरच्या न्यायालयांनी पुढे दोष दोघांत निम्मा-निम्मा वाटला आणि सरकारने पर्यटकांसाठी वागणुकीचे नियम जाहीर केले. आज कुरणाच्या फाटकावर दिसणाऱ्या पाट्यांमागे ही पार्श्वभूमी आहे.

नियम थोडक्यात असे. वाट सोडू नये. वाटेवरच गायी बसल्या असतील, तर लांबून वळसा घालून जावे. गाय डोके खाली घालून फुरफुरू लागली, तर पाठ न फिरवता शांतपणे मागे सरकावे. कुत्रा आखूड दोरीवर ठेवावा, पण गाय अंगावर आलीच, तर दोरी ताबडतोब सोडून द्यावी, कारण तिचा रोख कुत्र्यावर असतो आणि कुत्रा स्वतःला वाचवू शकतो. फाटक उघडले असेल, तर आपल्या मागे ते लावून घ्यावे. एखादे फाटक उघडे राहिले, तर शेतकऱ्याचा अर्धा दिवस गुरे गोळा करण्यात जातो.

दुसऱ्या दिवशीची चाल

ज्यांना शक्य आहे, त्यांनी एक रात्र राहावे. दिवसभराची गर्दी शेवटच्या बसबरोबर निघून जाते आणि संध्याकाळच्या धारांच्या वेळी वस्तीत जवळजवळ फक्त तिथलीच माणसे उरतात. एंगमध्ये आणि तासाभराच्या चढावर १,५०३ मीटर उंचीवरील बिन्सआल्म येथे राहण्याची सोय होते. त्याहून वर अल्पाइन क्लबच्या ह्युटे, म्हणजे गिर्यारोहकांचे निवारे, आहेत. तेथे जागा बऱ्याच आधी आरक्षित करावी, आपली पातळ झोपपिशवी न्यावी, बूट दाराशी काढावेत आणि रात्री दहानंतर शांतता पाळावी. क्लबच्या सभासदांना मुक्काम स्वस्त पडतो आणि सभासदत्वात बचावकार्याचा विमाही असतो. ऑस्ट्रियात हेलिकॉप्टरने सुटका झाल्यास तिचे भरमसाट बिल सुटका झालेल्याच्या नावे येऊ शकते, त्यामुळे वर्षातून दोनदा डोंगरात जाणाऱ्यानेही हे सभासदत्व घ्यावे.

टिरोलमधील पिवळ्या दिशाफलकांवर लाल ठिपका असेल, तर वाट मध्यम अवघड आणि काळा असेल, तर अवघड, दरीच्या काठाने जाणारी असते. ठिपका नसलेली वाट सोपी. बिन्सआल्मवरून पुढे १,९५३ मीटरवरील लामसेनयोखह्युटेपर्यंतची चाल एंगपासून अडीच ते तीन तासांची आहे. दुसरा पर्याय होलयोख खिंडीतून फाल्केनह्युटेकडे जाण्याचा, आणि माझ्या मते अधिक सुंदर. वेळ जवळपास तेवढाच लागतो, पण खिंडीनंतर वाट लालिडर कड्यांच्या पायथ्यातून जाते आणि शेकडो मीटरची उभी चुनखडीची भिंत डोक्यावर येते. दोन्ही वाटांना घोट्यापर्यंतचे, पकड असलेले बूट हवेत. चपला किंवा शहरी बूट चालणार नाहीत.

सकाळी लवकर निघून दुपारी दोनच्या आत परतीच्या उतारावर असावे. कुरणाखालच्या ओढ्याचे पाणी पिऊ नये, वस्तीतल्या लाकडी हौदात पडणारे वाहते पाणी भरून घ्यावे. तंबू टाकणे आणि शेकोटी पेटवणे टाळावे, फुले तोडू नयेत आणि ड्रोन घरीच ठेवावा. अपघात झाल्यास ऑस्ट्रियातील डोंगरी बचावदलाचा क्रमांक १४० आहे, आणि ११२ दोन्ही देशांत चालतो. फोन लागत नसेल, तर एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाशाची खूण करावी, एक मिनिट थांबून पुन्हा तसेच करावे. मिनिटाला तीन खुणांचे उत्तर आले, म्हणजे कोणीतरी ऐकले आहे.

परतीच्या शेवटच्या बसला सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि जागा संपू शकते, त्यामुळे तिच्या आधीची बस धरण्याचे नियोजन करावे. ती चुकली, तर हाताशी शेवटची बस तरी राहते.